उभं करणाऱ्या बाई

गावंडेबाईंना बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. स्टाफरूममध्ये त्यांच्या वाट्याची एक खुर्ची होती, पण तिच्यावर कायम व्हॉलीबॉलची जाळी नाहीतर थाळीफेकीची थाळी बसलेली असायची. डबासुद्धा त्या खिडकीशी उभ्यानं खायच्या, एक डोळा मैदानावर ठेवून. मोठ्या मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एकदा सगळ्यांदेखत म्हटलं, "बाई, बसा ना जरा," तर म्हणाल्या, "बसलं का माणूस जड होते मॅडम." मोठ्या मॅडम स्वतः चांगल्याच जड होत्या. त्यानंतर त्यांनी गावंडेबाईंना बसायचा आग्रह केला नाही.

अमरावतीच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या पी.टी. शिकवायच्या आणि मी भूगोल. शिवाय आमची घरं एकाच गल्लीत, समोरासमोर. त्यामुळे त्या मला शाळेत अर्ध्या दिसायच्या आणि उरलेल्या अर्ध्या खिडकीतून. मला चौकशा करायची खोड आहे, ती मी लपवत नाही. समोरच्या घरी पाहुणा आला की तो कुठल्या गावचा हे कळल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. पण गावंडेबाईंच्या घरी वर्षानुवर्षं कोणी आलंच नाही. लग्न केलेलं नव्हतं. अंगणात तुळस नाही, मांजर नाही, पिंजऱ्यात पोपट नाही. त्या होत्या आणि त्यांची शिट्टी होती.

ती शिट्टी काळ्या नाडीत ओवून गळ्यात असायची. शाळेत ठीक आहे, पण बाई ती रविवारीही काढत नसत. ऑटो थांबवायचा तर हाक मारायची सोडून शिट्टी फुंकायच्या. ऑटो थांबायचाच, पण बरोबर दोन सायकलवाले आणि एखादी म्हैसही थांबायची. मग बाई सायकलवाल्यांना "तुमी जा, तुमी जा" असं हातानं खुणावत ऑटोत चढायच्या.

पोरींनी मात्र त्यांचं नाव शिट्टीवरून पाडलं नव्हतं. त्यांना म्हणत 'उभं करणाऱ्या बाई'. सकाळच्या सरावाला उशिरा येणारी मुलगी मैदानाकडेच्या बदामाखाली उभी राहायची. टाचा जुळलेल्या, हात मांडीला चिकटलेले. तिनं तोंड उघडलं की बाईंचं एकच वाक्य ठरलेलं असायचं, "कारण सांगू नको. उभी राय." आईला ताप होता, चप्पल तुटली, बस पंक्चर झाली, यातलं काही त्यांच्या कानात शिरत नसे. आम्ही बाकीच्या शिक्षिका त्यावर कुजबुजायचो. पण बाईंचा खो-खोचा संघ जिल्ह्यात भारी होता, म्हणून ती कुजबूज स्टाफरूमच्या बाहेर गेली नाही.

त्या वर्षांत आमच्या वर्गांना गळती लागली होती. बाहेरगावाहून एस.टी.नं येणाऱ्या कितीतरी मुली होत्या आमच्याकडे. सोयाबीन गेलं, कपाशीची पऱ्हाटी गेली, की दिवाळीनंतर हजेरी घेताना एखाद्या नावावर मागच्या बाकावरून आवाज यायचा, "मॅडम, थे पुण्याले गेली." दुसऱ्या नावावर, "सुरतले गेली." स्थलांतराचा धडा मला नकाशा न लावताच शिकवून व्हायचा.

शीतल ही त्याच मुलींतली. भातकुलीकडच्या खारपाणपट्ट्यातलं तिचं गाव. विहिरीचं पाणी जिभेला लावलं तरी तोंड वाकडं होतं, असा तो मुलूख. नववीत होती, काटकुळी, आणि पाठलागाला असा वेग की समोरची पोरगी दिशा बदलायचा विचार करेपर्यंत हिचा हात तिच्या पाठीवर पडलेला असे. बाईंचा जीव होता तिच्यावर. आणि संघातली सगळ्यात उशिरा येणारी मुलगीही तीच होती. पहिली एस.टी. सदान्‌कदा चुकायची. मग बदामाचं झाड. शीतल उभी राहायची तीही बघण्यासारखी. मान ताठ, डोळे समोर, तोंडातून एक अक्षर नाही. बाकीच्या पोरी निदान रडायच्या तरी.

स्पर्धा तोंडावर आल्या आणि शीतल यायची थांबली. गावंडेबाई कोणाच्या घरी जात नसत, पण त्या रविवारी एस.टी.त बसून तिला आणायला गेल्या. मी खिडकीत होतेच. संध्याकाळी ऑटो थांबला, बाई उतरल्या. बरोबर शीतल नव्हती. हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीतून एक डोकं बाहेर आलेलं.

मी चप्पलसुद्धा न घालता रस्ता ओलांडला. "हे काय हो बाई?"

"कुत्री हाय. दिसत नाही का?"

"ते दिसलं. कोणाची?"

"शीतलची. दाराले कुलूप. मायबापासंग पोट्टी गेली. शेजारची म्हातारी म्हणते पुणे, दुसरं कोणी म्हणते नाशिक. आन हे ओट्यावर बसून होती, कुलपाकडं पाहत." मग पिशवी छातीशी धरून म्हणाल्या, "येईन थे घ्याले. तवरिक ठेवतो."

कुत्री मूठभर होती. करडा रंग, अंगावर विरळ पांढरी लव, हुबेहूब सरकीसारखी. नावही सरकीच होतं, म्हातारीनं सांगितलेलं. मला वाटलं, आठवड्याभरात बाई कंटाळतील. पण प्रश्न बाईंच्या कंटाळ्याचा नव्हता, सरकी जगते की नाही हाच होता. तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. भाकरी खाल्ली की घटकाभरात तशीच्या तशी बाहेर. ओकारी नाही, कळ नाही, नुसती मान खाली करायची आणि घास खाली पडायचा. मग तीच तो घास पुन्हा खायला जायची. बघवत नसे. गल्लीनं उपाय सांगितले. कोणी दही सांगितलं, कोणी दृष्ट काढली, इथल्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं. बरगड्या मात्र वर येतच राहिल्या.

शेवटी बाई तिला अकोल्याच्या जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन निघाल्या. मला कोणी बोलावलं नव्हतं, तरी मी गेले. बडनेऱ्याला कंडक्टरनं पिशवी पाहिली.

"बाई, कुत्रं चालत नाही गाडीत."

"हे कुत्रं नाही. पेशंट हाय."

"आन पेशंट भुकला त?"

"भुकला त मी उतरतो. पेशंटसंग."

कंडक्टर हसला आणि पुढे गेला. सरकीनं अकोला येईपर्यंत हूं की चूं केलं नाही.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं एक्स-रे काढला आणि उजेडापुढे धरून आम्हाला दाखवला. आपण गिळलेला घास गळ्याची नळी खाली ढकलते. सरकीची नळी जन्मापासून सैल, पिशवीसारखी. ती ढकलतच नाही. याला औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. एकच उपाय, तिला माणसासारखं उभं धरून पातळ खाऊ घालायचं आणि खाल्ल्यावरही वीसेक मिनिटं तसंच उभं ठेवायचं, म्हणजे घास आपल्या वजनानं खाली उतरेल. पाणीसुद्धा तसंच. चुकून घास श्वासात गेला की न्यूमोनिया.

"किती दिवस?" बाईंनी विचारलं.

"ती आहे तोवर." डॉक्टरनं सरकीचं तोंड उघडून पाहिलं. "मला नवल वेगळंच वाटतंय मॅडम. अशी पिल्लं महिना-दोन महिन्यांत जातात. ही वर्षाची तरी असेल. कोणीतरी हिला रोज उभं धरून खाऊ घातलं असणार. कोणी सांगितलं असेल त्याला?"

बाईंनी सरकीला पिशवीत घेतलं. येताना मूर्तिजापूरच्या स्टँडवर सरकीला पेज पाजायला आम्ही उतरलो. बाईंनी तिला खांद्यावर उभी धरली आणि फलाटाच्या खांबाशी स्वतः टाचा जुळवून उभ्या राहिल्या. मी चहा आणला तो हातात गार झाला. मी तीनदा विचारलं, बाई, झालं काय? तिन्हीदा त्यांनी फक्त सरकीची मान सावरली.

पुढच्या रविवारी त्या पुन्हा शीतलच्या गावाला निघाल्या. मी आपली पाठोपाठ. त्यांच्या हातात एक डबा होता, तो मी वाटेतच उघडून पाहिला. मैदान आखायचा चुना होता, आणि वर एक ब्रश.

शेजारची म्हातारी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. बाईंनी तिला सरळच विचारलं, "आजी, शीतल या कुत्रीले खाऊ कशी घाले?"

"कशी म्हंजे? खांद्यावर उभी धरून. खाली ठेवलं का पडते म्हने सगळं. पायटीच उठून बसे पोट्टी. हिले चारे आन मंग ओट्यावर उभी राहे हिले धरून. एस.टी. यायची, भोंगा वाजवायची, निंघून जायची. माय बोंबलायची तिची. पर हे हाले ना." म्हातारीनं शेंग टाकली. "लय मार खाल्ला पोट्टीनं या कुत्रीपायी. नेऊ देत नोहते त रडत गेली."

गावंडेबाईंनी डबा उघडला, चुना कालवला आणि कुलूप लावलेल्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सरकी गावंडे मॅडमकडे आहे. बरी आहे.' मागं सरकून एकदा वाचलं. मग पुन्हा पुढं होऊन खाली लिहिलं, 'उशीर झाला तरी ये.'

मी आयुष्यात प्रथमच काही विचारलं नाही.

त्या दिवसापासून सरकी ही शीतलची अमानत झाली. ती येईपर्यंत सरकी जगली पाहिजे, इतकंच बाईंना कळत होतं. पण शाळा सांभाळून एवढ्या वेळा खांद्यावर धरायचं म्हणजे अवघड. तेव्हा त्या चौकातल्या अन्वरभाईंकडे गेल्या. अन्वरभाई ऑटोच्या सीटा शिवायचे.

"मॅडम, ऑटोची सीट बोलो, सोफा बोलो. कुत्रीची खुर्ची मैंने आजतक नाही बनवली."

"मंग आता बनवा."

माप घ्यायची पंचाईत होती. कुत्रीची लाळ लागली तर कपडे बदलावे लागणार, आणि नमाजाची वेळ जवळ आलेली. मग अन्वरभाई चार हात लांब उभं राहून सांगत गेले आणि बाई दोरीला गाठी मारत गेल्या. "गर्दन से नीचे. हां. आता बगल. बगल म्हणजे, तिची!" चार दिवसांत खुर्ची आली. उंच, अरुंद, आत जाड फोम, पुढून पट्टा, आणि वरून ऑटोच्या सीटचं लालभडक रेक्झिन. पाठीमागे त्यांनी हौसेनं पिवळ्या धाग्यात एक फूल काढलं होतं. नंतर ते रोज दुकानातूनच ओरडून विचारायचे, "कैसी है बच्ची?"

आता ओट्यावर कवायत सुरू झाली. बाई म्हणायच्या, "सरकी, साव... धान!" की सरकी पुढचे पाय वर करून खुर्चीशी तयार. ज्वारीच्या पिठाची पातळ पेज, त्यात अंडं फेटलेलं. मग पट्टा लावून ती भिंतीशी उभी आणि बाई तिच्यासमोर उभ्या. वेळ झाली की "विश्राम!" बरगड्या हळूहळू बुजल्या. शेपटी हलू लागली. बाईंनी कोणाला काही समजावून सांगितलं नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. आणि तिथंच घोटाळा झाला.

कारण गल्लीला जे दिसलं ते असं: उभं करणाऱ्या बाईंनी आता मुकं जनावर धरलंय. जेवायला देतात आणि लगेच पट्ट्यानं बांधून शिक्षा करतात. गल्लीतल्या निम्म्या सुना बाईंच्याच विद्यार्थिनी होत्या. प्रत्येकीला बदामाचं झाड आठवत होतं. मी दोघी-तिघींना आजाराचं सांगितलं, पण मी इतकं बोलते की माझ्या बोलण्यातलं खरं कुठलं हे लोकांना निवडता येत नाही.

पुढे भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी बाई शाळेत गेल्या होत्या. आमच्या शेजारची सून ज्योती कुंपणाशी गेली आणि सरकीला पुरणपोळीचा तुकडा घातला. चांगला तूप लावून, देवीच्या नैवेद्यातला. सरकीनं तो जमिनीवर ठेवून खाल्ला. संध्याकाळी तिला खोकला लागला. सकाळी अंग तापलेलं, छातीत घरघर. पुन्हा अकोला. तरुण डॉक्टरनं तिला ठेवून घेतलं आणि आशा धरू नका म्हणाला. बाई पाच-सहा दिवस तिथंच राहिल्या, व्हरांड्यात. सरकीला घेऊन परतल्या तेव्हा दोघींचंही वजन उतरलं होतं.

मी ज्योतीला खरं काय ते तोवर सांगून टाकलं होतं. ती रडत बाईंच्या ओट्यावर गेली. अर्थात मीही.

"मॅडम, म्या घातली पोळी. मले वाटलं तुमी तिले शिक्षा करून राहिल्या. मलेबी तुमी अशीच उभी करत होत्या ना."

मला वाटलं, आता शिट्टी वाजणार. बाईंनी सरकीला उचललं आणि ज्योतीच्या खांद्यावर ठेवलं. "धर. मान वर राहू दे. हालू नको." ज्योती उभी राहिली. टाचा आपोआप जुळल्या. बाई तिच्या बाजूला उभ्या.

मग बाई म्हणाल्या, "ज्योती, तू कितीदा उभी राहिली बदामाखाली. एकदा तरी सांगतलं का, काहून उशीर झाला थे?"

"तुमी विचारलंच कुठी?" ज्योती म्हणाली.

आमच्याकडे असंच बोलतात, समोर कोण आहे ते न पाहता. बाईंनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. हात मांडीला चिकटलेले होते, ते तसेच राहिले.

त्या हिवाळ्यापासून शाळेत एक नवी गोष्ट सुरू झाली. उशिरा आलेली मुलगी बदामाखाली उभी राहायचीच, पण बाई तिच्याजवळ जाऊन म्हणायच्या, "हं, सांग." पोरींना आधी वाटलं ही नवी शिक्षा आहे. मग बोलू लागल्या. बाई ऐकून घेत आणि कधीकधी सराव तसाच राहून जाई. संघ त्या वर्षी हरला. स्टाफरूममध्ये कोणी खेद व्यक्त केला तर बाई म्हणत, "हरू द्या. लेकरं बोलून राहिली."

दर वर्षी पाऊस उघडला की त्या भातकुलीकडे जाऊन दारावरची अक्षरं नव्यानं गिरवून यायच्या. आधी एकट्या, मग ज्योतीला घेऊन. निवृत्त झाल्या तेव्हा गुडघे पार गेले होते. एवढी वर्षं उभं राहिल्याची वसुली म्हणायची. अकोल्याला पुतण्याचं घर तळमजल्यावर होतं, त्यानं नेलं. सामान थोडंच होतं. लाल खुर्ची त्यांनी ऑटोत स्वतःच्या मांडीवर घेतली. सरकी पिशवीत. अन्वरभाईंनी दुकान सोडून येऊन खुर्चीचा पट्टा ओढून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, रेक्झिन फाटलं तर कळवा." पुढे दर वर्षी मला फोनवर त्यांचा हुकूम यायचा, "काळेबाई, पाऊस उघडला. चुना." मग मी आणि ज्योती जायचो.

असंच एका उन्हाळ्यात, समोर बाईंचं घर बंद पाहून, माझ्या दारात एक तरुण मुलगी उभी राहिली. पंजाबी ड्रेस, खांद्याला पिशवी, हाताला सुया टोचल्याच्या खुणा. पुण्याकडे कुठल्याशा कारखान्यात शिलाई करत होती. घराचं काही पाहायला बाप गावी आला होता, त्याच्याबरोबर ती आली आणि दार वाचलं.

"मॅडम, थे जिती हाय का?" तिनं एवढंच विचारलं.

मी दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन अकोल्याला गेले. ज्योतीला आणता आलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

पुतण्याच्या घरी पुढच्या खोलीत खिडकीशी गावंडेबाई बसल्या होत्या. मी त्यांना घरात अशा बसलेल्या प्रथमच पाहत होते. समोर लाल खुर्चीत सरकी, तोंड पांढरं झालेलं, डोळ्यांवर पांढरट पडदा. पट्टा लावायचाच होता. शीतलनं चप्पल बाहेर काढली आणि दारातूनच हळू हाक मारली. सरकीनं मान वळवली नाही. नाक मात्र वर केलं. शीतल पुढं झाली, तिला खुर्चीतून उचललं आणि डाव्या खांद्यावर धरलं. सरकीनं हनुवटी तिच्या मानेशी नेऊन ठेवली, जागा माहीत असल्यासारखी, आणि डोळे मिटले.

बाईंनी वाटी शीतलच्या हातात दिली. शीतलनं खाऊ घातलं. चमचा कसा धरायचा ते तिला सांगावं लागलं नाही.

मग ती बाईंकडे न पाहता म्हणाली, "उशीर झाला मॅडम."

बाईंनी खिडकीचा गज पकडला. एक गुडघा, मग दुसरा. पुतण्याची बायको आतून धावत आली, "आत्याबाई, बसा ना, डॉक्टरनं काय सांगतलं?" बाईंनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. पुरत्या उभ्या राहिल्या, गज सोडला, टाचा जुळवल्या, हात मांडीला लावले.

"सांग," त्या म्हणाल्या. "काहून उशीर झाला? पयल्या दिवसापासून सांग. घास खाली उतरेपर्यंत मी उभी हाय."

शीतल सांगू लागली. सरकी तिच्या खांद्यावर होती. मी दाराशी होते आणि बाई उभ्या होत्या.